विमा कंपनी बदलली तरी नो क्लेम बोनस आपलाच. मात्र आधी जुलैतल्या बंपरचा छडा लावा

जुळे सोलापूर येथील एका सेवानिवृत्त शिक्षिकेने पाठविलेल्या पत्राचा आशय पुढीलप्रमाणे आहे:

"माझ्या नावावर ११९७ सीसीची पेट्रोल गाडी आहे. ती आम्ही फेब्रुवारी २०२१ मध्ये नवी घेतली आणि तेव्हापासून एकाच कंपनीचा विमा चालू आहे. चालू पॉलिसीवर नो क्लेम बोनस ४५ टक्के असे लिहिलेले असून ती येत्या २० फेब्रुवारीला संपते. दुसऱ्या एका कंपनीचा हप्ता सुमारे बाराशे रुपयांनी कमी येत असल्यामुळे पुण्यात नोकरी करणारा माझा मुलगा तिकडे विमा उतरवावा असे म्हणतो. आमचे जुने एजंट मात्र सांगतात की कंपनी बदलली की इतक्या वर्षांचा बोनस बुडतो. नव्या कंपनीच्या फोनवरील मुलीला हे विचारले तेव्हा ती म्हणाली, 'मॅडम, तुम्ही फक्त क्लेम घेतला नाही यावर टिक करा, बाकी सगळे आपोआप होते.' दोघांपैकी कोणाचे खरे मानावे? आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आषाढीनंतर पंढरपूरहून परत येताना मोहोळजवळ एका टेम्पोने मागून धक्का दिला होता आणि मागचा बंपर बदलावा लागला. मुलाने गॅरेजवाल्याला विम्याचे कागद दिले होते एवढे मला आठवते. पुढे पैसे विम्यातून गेले की त्याने रोख दिले, हे आता त्यालाही नीट आठवत नाही. चूक टेम्पोवाल्याचीच होती, त्यामुळे त्याचा बोनसशी काही संबंध नसावा असे वाटते."

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण पत्राच्या शेवटी 'सांगायची राहिली' म्हणून जी गोष्ट लिहिली आहे, ती मी उत्तराच्या सुरुवातीलाच घेतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या बंपरवर अवलंबून आहे. तो बंपर जर विम्याच्या पैशांतून बदलला गेला असेल, तर या फेब्रुवारीत आपल्याला बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या कंपनीत मिळणार नाही आणि नव्या कंपनीतही मिळणार नाही. तो शून्यावर येईल आणि तेथून पुन्हा चढू लागेल. तो रोख पैशांनी बदलला गेला असेल, तर आपला बोनस या वर्षी ५० टक्के होतो आणि तो पूर्णच्या पूर्ण आपल्याला हव्या त्या कंपनीत नेता येतो. या दोहोंपैकी नेमके काय घडले हे कागदावर कळल्याशिवाय कोणताही फॉर्म भरू नका आणि मुलालाही भरू देऊ नका, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे.

आता एजंटांच्या म्हणण्याकडे येतो. कंपनी बदलली की बोनस बुडतो, हे म्हणणे चुकीचे आहे, आणि ते सोलापुरात मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा राग यावा. भारतीय मोटार टॅरिफ, म्हणजे मोटार विम्याचे दर आणि नियम यांचे पुस्तक, १ जुलै २००२ पासून लागू झाले आणि त्यात बोनसाचे नियम स्पष्ट लिहिलेले आहेत. बोनस हा विमा उतरवणाऱ्या व्यक्तीचा असतो. तो कंपनीच्या मालकीचा नसतो आणि गाडीलाही चिकटलेला नसतो. म्हणूनच गाडी विकली तर तो घेणाऱ्याकडे जात नाही, विकणाऱ्याकडेच राहतो; आणि विमा एका कंपनीकडून दुसरीकडे नेला तर तो माणसाबरोबर तिकडे जातो. पहिल्या बिनदाव्याच्या वर्षानंतर २० टक्के, दुसऱ्यानंतर २५, तिसऱ्यानंतर ३५, चौथ्यानंतर ४५ आणि सलग पाचव्यानंतर ५० टक्के अशा त्याच्या पायऱ्या असून ५० च्या वर तो जात नाही. आपली गाडी २०२१ ची असल्यामुळे २०२२ मध्ये २०, २०२३ मध्ये २५, २०२४ मध्ये ३५ आणि २०२५ मध्ये ४५ असा हिशेब चालू पॉलिसीशी बरोबर जुळतो, म्हणजे गेल्या फेब्रुवारीपर्यंत आपल्या खात्यावर एकही दावा नाही. प्रश्न उरतो तो केवळ चालू वर्षाचा, आणि त्याच वर्षात तो बंपर येतो.

एजंट असे का सांगतात, याबद्दल मी त्यांच्या हेतूवर बोट ठेवणार नाही. गाडी विकताना घ्यायचे बोनसाचे प्रमाणपत्र आणि कंपनी बदलताना द्यायचा बोनसाचा पुरावा, या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळ जुन्या एजंटांकडूनही होते. गाडी विकल्यावर विक्रीचे कागद आणि मालकी बदललेल्या आरसीची प्रत देऊन जुन्या कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे लागते, आणि त्या पत्रावर तीन वर्षांच्या आत त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीसाठी तो बोनस वापरता येतो. आपली गाडी तीच, मालक त्याच, बदलते आहे ती केवळ कंपनी. त्यामुळे त्या पत्राची आपल्याला गरजच नाही. जुनी कंपनी "असे पत्र गाडी विकल्याशिवाय मिळत नाही" असे म्हणाली तर ते खरे आहे, पण त्यावरून "मग बोनस नेताच येत नाही" असा अर्थ काढणे चूक आहे. आपल्याला हवी आहे ती रिन्यूअल नोटीस, म्हणजे नूतनीकरणाची सूचना, जिच्यात येत्या वर्षी लागू होणारा बोनस लिहिलेला असतो. किंवा तिच्याऐवजी बोनसाचा दर आणि चालू वर्षातील दाव्यांची स्थिती सांगणारे कंपनीचे साधे पत्र अथवा ईमेल.

या रिन्यूअल नोटिशीबाबत एक बारीक गोष्ट तपासून घ्या. आपल्या पॉलिसीवर मोबाइल क्रमांक आणि ईमेल कोणाचा आहे? आपल्याकडे विमा एजंटाच्या हातून उतरवला की पुष्कळदा त्या रकान्यात एजंटाचाच क्रमांक पडतो, आणि मग कंपनी नोटीस वेळेवर पाठवते पण ती मालकापर्यंत पोहोचतच नाही. आपल्या बाबतीत तसे झाले असल्यास पॉलिसीवर छापलेल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून आधी आपला स्वतःचा मोबाइल क्रमांक नोंदवून घ्या. त्यानंतर लेखी विचारा की या पॉलिसी क्रमांकावर चालू वर्षात कोणताही दावा नोंदला गेला आहे काय, असल्यास त्यावर किती रक्कम कोणत्या तारखेला कोणत्या गॅरेजला दिली गेली, आणि २० फेब्रुवारीनंतर मला किती टक्के बोनस लागू होईल. तीन ओळींचे पत्र पुरे, पण उत्तर तोंडी घेऊ नका.

जोडीला मुलाने दोन ठिकाणी पाहावे. एक म्हणजे त्याचे जुलै-ऑगस्टचे बँक खाते. बंपर आणि रंगकामाचा पूर्ण खर्च त्याने दिला असेल तर तेवढी रक्कम एकरकमी गेलेली दिसेल, आणि विम्यातून गेला असेल तर गॅरेजला केवळ हजार, दोन हजार किंवा चार हजार असा तुटक आकडा दिलेला दिसेल. दुसरे म्हणजे गॅरेजचे बिल. कॅशलेस दुरुस्तीत, म्हणजे कंपनी थेट गॅरेजला पैसे देते तेव्हा, बिलाचा मोठा भाग विमा कंपनीच्या नावे दाखवलेला असतो आणि ग्राहकाच्या वाट्याची रक्कम वेगळी असते. हा पुरावा कंपनीच्या पत्राच्या जागी चालणार नाही, पण पत्र येईपर्यंत आपल्याला अंदाज येईल.

तिसरीही एक शक्यता आहे, आणि ती वाटते तितकी दुर्मीळ नाही. गॅरेजवाल्याने कागद घेऊन दावा नोंदवला, नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन गेला, पण मंजूर होणारी रक्कम फार थोडी निघाली म्हणून मुलाने रोख पैसे देऊन गाडी सोडवून आणली, असे घडले असेल तर कंपनीच्या संगणकात तो दावा अजून उघडाच असू शकतो. टॅरिफमध्ये बोनसासाठी दावा केलेला नसणे आणि प्रलंबितही नसणे, दोन्ही आवश्यक आहे. तसे असल्यास एकही रुपया न देता तो दावा बंद केल्याचे कंपनीकडून लिहून घ्या आणि मगच बोनसाचा आकडा मागा.

"चूक टेम्पोवाल्याची होती" हे आपले वाक्य वाचून मला वाईट वाटले, कारण न्यायाच्या दृष्टीने आपले म्हणणे अगदी रास्त आहे. परंतु आपल्याकडील बोनस चूक कोणाची हे पाहत नाही. त्याचे नाव नो क्लेम बोनस असे आहे. स्वतःच्या पॉलिसीतील ओन डॅमेज भागातून, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागातून, पैसे घेतले की तो जातो. मागून धक्का बसला असो, झाडाची फांदी पडली असो, की काच फुटली असो, नियम एकच राहतो. अपवाद फक्त ज्यांनी जादा हप्ता भरून बोनस सुरक्षित ठेवणारे कवच घेतले आहे त्यांचा. ते आपल्या पॉलिसीवर आहे का, हे अ‍ॅड-ऑनच्या, म्हणजे जादा कवचांच्या, यादीत पाहून घ्या. असल्यास त्याच्या अटींप्रमाणे बंपरचा दावा होऊनही बोनस टिकू शकतो. मात्र ते कवच नव्या कंपनीकडेही तितकेच मानले जाईल असे गृहीत न धरता जुन्या कंपनीच्या पत्रात बोनसाचा दर स्पष्ट लिहून घ्यावा.

आता त्या फोनवरच्या मुलीच्या सल्ल्याकडे वळतो. एजंटांच्या सांगण्याने आपले नुकसान झाले असते तर ते फार तर बाराशे रुपयांचे. हिच्या सल्ल्याने होऊ शकणारे नुकसान गाडीच्या किमतीएवढे आहे. जुन्या कंपनीचा पुरावा हाती नसला तरी नवी कंपनी ग्राहकाच्या लेखी निवेदनावर बोनस देऊ शकते, हे तिचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. परंतु त्या टिकच्या शेजारी बारीक अक्षरांत जे निवेदन असते, त्यात ग्राहक दोन गोष्टी कबूल करतो: मागील पॉलिसीच्या काळात दावा झालेला नाही व मागितलेला बोनसाचा दर बरोबर आहे ही एक, आणि हे निवेदन खोटे निघाल्यास पॉलिसीच्या पहिल्या भागातील, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबाबतचे, सर्व लाभ मी गमावीन ही दुसरी. हप्ता घेताना हे वाक्य कोणी वाचून दाखवत नाही. अपघात झाला की मात्र सर्वांत आधी तेच वाक्य बाहेर काढले जाते.

मी विमा व्यवसायात तीस वर्षे काढली. त्यातली एक दुपार माझ्या मनातून आजही जात नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराची गाडी पुणे महामार्गावर ट्रकवर आदळली होती. माणसे वाचली, पण बॉनेट घडी घातलेल्या चादरीसारखे दुमडले गेले होते, आणि दुरुस्तीचा अंदाज १ लाख ६२ हजार रुपयांचा होता. सर्व्हेअरचे काम झाले, सुटे भाग मागवले गेले, आणि त्या दुपारी आम्ही गॅरेजच्या टेबलाशी बसलो असताना आधीच्या कंपनीचे उत्तर आले की या ग्राहकाने मागील वर्षी दावा घेतला आहे. प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, समोर ठेवला गेला. खाली कारखानदाराची सही काळ्या शाईत होती आणि 'दावा नाही' या चौकोनातली खूण निळ्या शाईत. ती खूण त्याने केलीच नव्हती. सही घेऊन गेल्यावर दुसऱ्या कोणीतरी ती केली होती. पण सही त्याची होती. त्या खुणेमुळे त्याला हप्त्यात साधारण एकवीसशे रुपयांची सूट मिळाली होती. गाडी सात आठवडे गॅरेजच्या मागच्या अंगणात उभी राहिली आणि शेवटी त्याने स्वतःच्या खिशातून पैसे भरून ती सोडवली.

आधीच्या कंपनीला पत्र कसे गेले, असे आपल्याला वाटेल. कोणी चहाडी केली नव्हती. निवेदनावर बोनस देणाऱ्या कंपनीने पॉलिसी दिल्यापासून २१ दिवसांच्या आत आधीच्या कंपनीकडे खातरजमेचे पत्र पाठवावे आणि आधीच्या कंपनीने ते मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत उत्तर द्यावे, असे टॅरिफमध्येच लिहिलेले आहे. शिवाय हैदराबादच्या इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे कंपन्या आपली मोटार विम्याची माहिती पाठवतात, त्यामुळे "कोण बघतंय" हा काळ केव्हाच सरला. एखाद्या कंपनीने ती खातरजमा वेळेत केली नसेल आणि अपघातानंतर अचानक बोनसाचा मुद्दा काढला असेल, तर ग्राहक तिच्या त्या कर्तव्याकडे नक्कीच बोट दाखवू शकतो. पण ती लढाई ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढून लढायची असते, आणि तोवर गाडी बंद असते.

आता रुपयांचा हिशेब करू, कारण "बाराशे रुपये कमी" हा आकडा मला अपुरा वाटतो. आपण पत्रासोबत पाठविलेल्या दोन्ही कंपन्यांच्या कोटेशनमध्ये बोनस ५० टक्के धरलेला आहे. जुन्या कंपनीत बोनसापूर्वीचा ओन डॅमेज हप्ता ९,००० असून सूट वजा जाता तो ४,५०० होतो. त्यात थर्ड पार्टीचे, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या विम्याचे, ३,४१६ मिळवून १८ टक्के जीएसटीसह साधारण ९,३४० रुपये होतात. नव्या कंपनीत तोच हप्ता ७,००० चा ३,५०० होतो आणि एकूण साधारण ८,१६० रुपये येतात. थर्ड पार्टीचा आकडा दोन्हीकडे सारखाच आहे, कारण तो कंपनी ठरवत नाही. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीसाठी १ जून २०२२ पासून लागू झालेला तो सरकारी दर आहे, आणि बोनसाची सूट त्यावर मिळतही नाही. ओन डॅमेजचे दर मात्र २००७ पासून कंपन्यांच्या हाती आहेत, म्हणून दोन कंपन्यांचे '५० टक्के' सारखे नसतात. बोनसाच्या टक्क्यांबरोबर ते टक्के कशावर काढले आहेत हेही पाहिले पाहिजे.

आपल्या दोन कागदांत आणखी एक फरक आहे, जो मुलाच्या नजरेतून सुटलेला दिसतो. जुन्या कंपनीने गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, ३,८०,००० धरली आहे आणि नव्या कंपनीने ३,१०,०००. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर भरपाई या आकड्याच्या आधारे मिळते. हप्त्यातील बाराशे रुपयांची बचत बहुतांशी या सत्तर हजारांच्या कपातीतून आलेली आहे. पाच वर्षांपुढील गाडीची आयडीव्ही कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे आपल्याला ती वाढवून मागता येते. नव्या कंपनीकडून तीच ३,८०,००० ची आयडीव्ही आणि तीच अ‍ॅड-ऑन घेऊन कोटेशन पुन्हा मागवा. एवढे करूनही फरक राहिला, तर कंपनी अवश्य बदला. त्यात मला काहीही गैर वाटत नाही.

बंपर विम्यातून गेला असल्यास काय, हेही आकड्यांत पाहा. तेव्हा जुन्या कंपनीचा हप्ता साधारण १४,६५० आणि नव्या कंपनीचा, आहे त्याच आयडीव्हीवर, १२,२९० रुपये होईल. पत्र वाचून आपल्याला धक्का बसू नये म्हणून आधीच सांगून ठेवतो. बोनस एकदा ५० ऐवजी शून्यावर आला की पुढील वर्षी २०, मग २५, ३५, ४५ असे चढत तो पुन्हा ५० ला पोहोचतो. या काळात दर वर्षी अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सूट हुकते, म्हणजे एकूण एका वर्षाच्या ओन डॅमेज हप्त्याच्या सव्वापट. ९,००० च्या हप्त्यावर ते ११,२५० आणि जीएसटी धरून १३,२७५ रुपये होतात. गाडी जुनी होत जाईल तसा हप्ता उतरेल, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. दुसऱ्या बाजूला बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि घसारा माफ करणारे झिरो डेप कवच नसेल तर प्लॅस्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसारा म्हणून कापली जाते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये ग्राहकाने सोसायचे असतात. दहा-अकरा हजारांच्या बिलावर हाती सहा-सात हजार पडतात आणि त्यापोटी तेरा हजार जातात. गॅरेजवाला "क्लेम टाकू का?" असे विचारतो तेव्हा तो ग्राहकाच्या सोयीचेच विचारत असतो, पण हा हिशेब त्याच्यासमोर नसतो. हे झाले गेल्या जुलैचे. मोठ्या नुकसानीत मात्र बोनसाच्या मोहाने दावा टाळण्यात अर्थ नाही. विमा त्यासाठीच आहे.

पत्रातून ५० टक्के पक्के झाले आणि आपण नव्या कंपनीकडे जायचे ठरवले, तर फॉर्म भरताना तीन ठिकाणी जपून राहा. पहिले, 'मागील पॉलिसीवरील एनसीबी' (म्हणजे नो क्लेम बोनस) असा रकाना असतो. तेथे ४५ भरायचे, ५० नव्हे. पुढची पायरी यंत्रणा स्वतः चढवते. मी कित्येक सुशिक्षित माणसांना तेथे आपल्याला मिळणार असलेला आकडा भरताना पाहिले आहे, आणि मग कंपनीच्या नोंदीत तफावत राहते. दुसरे, मालकाच्या नावाच्या जागी आपलेच नाव आरसीवर आहे तसे, त्याच क्रमाने आले पाहिजे. मुलगा पुण्यात बसून मोबाइलवर फॉर्म भरणार असल्यामुळे त्याचे स्वतःचे नाव तेथे पडण्याचा धोका आहे. बोनस आपला आहे, मुलाच्या नावच्या पॉलिसीला तो लागणार नाही. गाडीवर कर्ज बाकी असल्यास बँकेचे नावही तसेच उतरले पाहिजे. तिसरे, नवी पॉलिसी २० फेब्रुवारीची मध्यरात्र उलटताच, म्हणजे जुनी संपताच, सुरू होते की नाही ते पाहा. मागील पॉलिसीची प्रत आणि कंपनीचे पत्र फॉर्मसोबत जोडा आणि जोडल्याची पोच ठेवा.

पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांपर्यंत बोनस शाबूत राहतो, हे कोणीतरी आपल्याला सांगेलच, आणि ते खरे आहे. आपल्या बाबतीत ती मुदत मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संपेल. पण त्या ९० दिवसांत गाडीला विमा नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी दोन हजार, पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड होतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की विजापूर रोडवर संध्याकाळी एखादा सायकलवाला आडवा आला आणि त्याला इजा झाली, तर ती भरपाई आपल्या निवृत्तिवेतनातून द्यावी लागेल. खंड पडल्यावर नवी कंपनी गाडीची तपासणी केल्याशिवाय पॉलिसीही देत नाही. म्हणून ती मुदत आपल्यासाठी नाहीच असे समजा.

ज्या वाचकांच्या हातून चुकीची टिक आधीच होऊन गेली असेल, त्यांनाही सांगतो: अपघात होण्याआधी नव्या कंपनीला लेखी कळवा, बोनसाच्या फरकाची रक्कम भरा आणि चूक सुधारल्याची नोंद, म्हणजे एंडॉर्समेंट, पॉलिसीला जोडून घ्या. त्यात कमीपणा नाही, आणि खर्च मिळालेल्या सवलतीइतकाच आहे.

ताई, आपल्या तारखा अशा ठेवा. जुन्या कंपनीला पत्र किंवा ईमेल या आठवड्यातच जाऊ द्या. दहा दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा आणि विमा नियामकाच्या बीमा भरोसा या पोर्टलवर, अथवा १५५२५५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा. बोनसाचा आकडा लिहून देण्यात कंपनीला काहीही अवघड नाही, आणि तक्रारीचा क्रमांक पडला की उत्तर लवकर येते असा माझा अनुभव आहे. पुढे गरज पडल्यास पुण्यातील विमा लोकपालांकडे सोलापूरच्या ग्राहकांना विनाशुल्क दाद मागता येते, मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. आणि १५ फेब्रुवारीपर्यंत बंपरचा उलगडा झालाच नाही, तर विमा थांबवू नका. जुन्या कंपनीतच नूतनीकरण करा, कारण आपल्या दाव्याची नोंद असली किंवा नसली तरी ती तिच्याच दप्तरी आहे, आणि तेथे बोनसाचा दर ठरवण्यासाठी आपल्याला कोणत्याही चौकोनात खूण करावी लागणार नाही. उलगडा झाला की पुढच्या फेब्रुवारीत कंपनी बदलायला आपण मोकळ्या आहात.